आमच्या गल्लीने दाढी वाढवली

मी एक जुनी सलूनमधली खुर्ची आहे. नुसती खुर्ची म्हणू नका हं! माझा पाय बिडाचा, हात लाकडी, पाठ मागे कलणारी आणि मान टेकायला वेगळी उशी. कारखान्यात मला चामडे चढवणारा कारागीर म्हणाला होता, "हिच्यावर बसेल तो झोपेलच." आणि तसेच झाले. भले भले माझ्यावर घोरले आहेत.

मित्रांनो, माणूस कसा आहे हे मला त्याच्या बसण्यावरून कळते. ज्याच्या मनात काही नसते तो अंग सैल सोडून बसतो. ज्याच्या मनात खोट असते तो कडेला टेकतो, जणू आत्ता उठून पळायचे आहे.

माझे मालक परक्या देशातून इथे आले, तेव्हा त्यांना इथल्या भाषेतले चार शब्दही धड येत नव्हते. पण हात असा हलका की वस्तरा फिरला की नाही ते गालाला कळू नये. दुकानाच्या म्हाताऱ्या वस्तादांनी त्यांना ठेवून घेतले आणि नजर अधू झाली तेव्हा दुकानच त्यांच्या हाती सोपवले. मालकांना इथले नागरिकत्व मिळाले, लग्न झाले, वरच्या खोलीत संसार थाटला, मुलगी वाढून सासरी गेली. गल्ली मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून 'पाहुणे' म्हणत होती, ती म्हणतच राहिली. एवढा मुक्काम करणारा पाहुणा मी दुसरा पाहिला नाही!

दाढी करताना मालक बोलत नसत. मग गिऱ्हाईकच बोलायचे. कुणाच्या दारात गटार तुंबलेले, कुणाच्या वळणावर अंधार. मालक ऐकून घेत आणि दुपारी दुकान बंद करून नगरपालिकेत जाऊन बसत. चिकाटी अशी की तिथले कारकून त्यांना पाहून म्हणत, "आले बाबा, काम करून टाका, नाहीतर हे उठायचे नाहीत." दिवे लागले, गटारे वाहू लागली. शेवटी समोरचे बेकरीवाले माझ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "पाहुणे, आता तुम्हीच निवडणुकीला उभे राहा."

ते उभे राहिले आणि निवडून आले. त्या दिवशी गल्लीने त्यांना डोक्यावर घेतले. खरे सांगते, मीसुद्धा फुगले. नगरसेवकाच्या हातून दाढी करून घ्यायला लोक दुसऱ्या पेठेतून येऊ लागले. मालक सकाळी वस्तरा चालवत, दुपारी सभेला जात.

मग एका हिवाळ्यात बाहेरून काही कुटुंबे आली. स्टेशनामागे प्लॅस्टिकच्या कागदाखाली राहू लागली, लेकराबाळांसकट. आमच्या गल्लीतले रिकामे गोदाम त्यांना थंडीपुरते द्यावे, असा ठराव पालिकेत आला. गल्लीला ते नको होते.

"पाहुणे, हात वर करू नका," बेकरीवाले म्हणाले. "उद्या हे लोक इथंच ठाण मांडतील."

"मीपण मांडलंच ना?" मालक म्हणाले. "मान सरळ ठेवा."

त्यांनी हात वर केला. ठराव अवघ्या एका मताच्या फरकाने पास झाला. मालकीणबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण!" आणि मग स्वतःच दोन गोधड्या घेऊन गोदामाकडे गेल्या.

पुढच्या निवडणुकीत मालक आपल्याच गल्लीत सपाटून आपटले. नव्या नगरसेवकाने आल्या आल्या गोदामाला कुलूप ठोकले. ती कुटुंबे कुठे गेली, कुणास ठाऊक.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी नेहमीसारखे दुकान उघडले, पाणी तापवले, टॉवेल गरम केले. कुणीच आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटले, लोक रागावलेत. पण तसे नव्हते. मत कुणी कुणाला दिले हे मालकांना कसे कळणार? पण चोराच्या मनात चांदणे! ज्याच्याविरुद्ध मत दिले, त्याच्याच वस्तऱ्यापुढे मान कशी द्यायची, त्याच्या आरशात त्याच्याकडे कसे बघायचे, याची लोकांना लाज वाटत होती. ज्यांनी त्यांना मत दिले होते, तेही 'काय बोलायचे' म्हणून टाळू लागले. गल्ली पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागली. हळूहळू सगळ्यांच्या दाढ्या वाढल्या. बेकरीवाले तर ओळखू येईनासे झाले.

"मतं गेली तर जाऊ दे गं," मालक बायकोला म्हणाले, "माणसं कुठं गेली?"

मालकीणबाईंनी एक युक्ती काढली. "खुर्ची आरशाकडं पाठ करून ठेवा. तुमच्याकडं बघायला नको म्हटल्यावर येतील." माझ्या उभ्या आयुष्यात माझे तोंड आरसा सोडून कधी मागच्या कोऱ्या भिंतीकडे झाले नव्हते. पण मालकांसाठी तेही सोसले.

आणि एका सकाळी बेकरीवाले खरेच आले! पण अगदी कडेला टेकले. मालकांनी लगबगीने ब्रश फेसात घोळवला. अर्धी दाढी झाली आणि बेकरीवाल्यांना राहवले नाही.

"पाहुणे, मी तुम्हाला मत नाही दिलं."

"मी विचारलं का?" मालक म्हणाले. "हलू नका, लागेल."

दाढी गुळगुळीत झाली. बेकरीवाले खाली मान घालून गेले. मला वाटले, आता गाडे रुळावर आले. पण मित्रांनो, एकदा कबूल केल्यावर त्यांना पुन्हा तोंड दाखवणे आणखीच जड झाले असावे. ते परत कधी आले नाहीत.

मालक मात्र रोज पाणी तापवत राहिले. पुढच्या थंडीत त्यांनी छातीच्या दुखण्याने अंथरूण धरले आणि त्यातच ते गेले.

त्या दिवशी सगळी गल्ली दुकानात आली. आत मावेना, इतकी माणसे. आणि सगळ्यांच्या दाढ्या अगदी गुळगुळीत! मालकांचा शेवटचा मान म्हणून स्वच्छ होऊन आले होते बिचारे. मालकीणबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या बेकरीवाल्यांकडे बघत राहिल्या.

"दाढी कुठं केलीत, भाऊ?"

"पलीकडच्या चौकात, वहिनी."

"कानाखाली राहिलीय थोडी," त्या म्हणाल्या.

बेकरीवाल्यांनी कानाखाली हात लावला आणि माझा लाकडी हात धरून ते लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

आज मी एका भंगारवाल्याच्या अंगणात उभी आहे. चामडे फाटले आहे, पाय गंजला आहे. मला कुणी शिवले, तेल घातले तर बरे वाटेल, नाही कसे म्हणू? पण माझे राहू द्या. मित्रांनो, तुमच्या हातून कुणी दुखावले गेले, तर लाजून वाट बदलू नका. त्याच्या दारात जा. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल, नुसते जाऊन बसा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तो पाणी तापवून तुमचीच वाट बघत असतो.