खोली क्रमांक चार

वॉर्डाच्या निवडणुकीत सासूबाई अकरा मतांनी पडल्या आणि घराचं गल्लीकडचं दार बंद झालं. "आपल्याच गल्लीनं केसानं गळा कापला," असं त्यांनी ठरवूनच टाकलं. समोरच्या काकूंकडे बाळाला ठेवणंही बंद. इकडे सुनेची रजा सोमवारी संपत होती, आणि बाळाला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं.

म्हणून ती बाळाला कडेवर घेऊन तिसऱ्यांदा निवडणूक शाखेत आली. गल्लीत कोणाला किती मतं पडली, एवढंच तर विचारलं होतं; दोन्ही अर्ज 'माहिती उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन परतले होते.

"ताई, पुन्हा तेच?" कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवला. "आमच्या दप्तरात गल्ल्या नसतात, मतदानाच्या खोल्या असतात. तुमच्या गल्लीची खोली कुठली?"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"अर्जात विचारलं नव्हतंत."

हसावं की रडावं, तिला कळेना. ती आठवू लागली. शाळा, लांबलचक रांग, रडणारं बाळ, त्याला दाखवलेला भिंतीवरचा कागदी हत्ती, आणि हत्तीच्या वर, चौकटीवर...

"चार!"

कारकून फाइल शोधायला उठला. कागदानं सासूबाईंचंच खरं केलं तर? मग दार कायमचंच बंद.

नकलेवर शिक्का पडला. बाळानं शिक्क्यावर झडप घातली. "साहेबांना आत्ताच नोकरी हवीय," कारकून म्हणाला.

खोली चार: एकूण मतं दोनशे बारा, सासूबाईंना एकशे एकाहत्तर. घात झाला होता खोली सातमध्ये, पुलापलीकडे. गुडघ्यांमुळे सासूबाई तिकडे प्रचाराला फिरकल्याच नव्हत्या.

घरी त्यांनी कागद दोनदा वाचला, उलटूनही पाहिला.

"मग हे एक्केचाळीस कोण?"

"आई!"

"विचारलं नुसतं."

मग सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वतःच गल्लीकडच्या दाराची कडी काढली.

"अहो, ऐकलंत का? सोमवारपासून बाळ येतंय तुमच्याकडे. आणि पुढच्या खेपेला मला पुलापलीकडे न्यायचं!"

"मागच्या खेपेलाच म्हणत होते," समोरून काकूंचा आवाज आला, "पण तुम्ही कोणाचं ऐकाल तर ना!"