पाच इंच कमी

"कुठली घ्यायची ते तूच सांग," भावोजी म्हणाले आणि त्यांनी होडीच्या मोटारींचं कॅटलॉग माझ्यापुढे सरकवलं. "माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही."

स्पार्क प्लग घ्यायला आलेला एक खलाशी तिथेच उभा होता. तो हसत म्हणाला, "ढिलेभाऊ, या खेपेला सगळं मिस्त्रीकडूनच आवळून घ्या बरं!"

भावोजीही हसले. तीन वर्षांत त्यांना हे हसणं चांगलं जमायला लागलं आहे. मी मात्र खाली वाकून नसलेला नट शोधत बसलो.

धक्क्यावर माझं वर्कशॉप आहे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, नवी बसवून देतो. माझी मान लहान, आवाज मोठा आणि हात चांगला, असं लोक म्हणतात. यातली पहिली दोन खरी आहेत. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीन वर्षांपूर्वी त्यांची होडी खडकावर आपटली, उजवा पाय होडी आणि खडक यांच्या मधे सापडला आणि गुडघ्याखाली कायमचा वाकडा झाला. होडी तर फळकुटं होऊनच बाहेर आली. तेव्हापासून ते एका गोदामात खुर्चीवर बसून गाड्यांचे नंबर लिहीत होते, आणि ताई लाँड्रीत इस्त्री करत होती.

आता त्यांनी एक जुनी, छोटी होडी घेतली होती. मोठं इंजिन तिला होतंच. जोडीला एक लहान मोटार हवी होती. मासेमारीच्या जागी पोचलं की मोठं इंजिन बंद करायचं आणि लहान मोटारीवर, माणूस रमतगमत चालतो तेवढ्या वेगाने, पाण्यातून गळ ओढत राहायचं. शिवाय मोठ्या इंजिनाने दगा दिला तर घरी यायला ती असते. ताईने होडीला हो म्हणताना एकच अट घातली होती. मोटार माझ्या भावानेच बसवायची, त्याच्या हातून काही चुकत नाही.

"ही विजेची बघ," भावोजी एका चित्रावर बोट ठेवत म्हणाले. "आवाज नाही, धूर नाही. माशाला पत्ता लागणार नाही."

"आणि वारा सुटला की तुम्हालाही परतीचा पत्ता लागणार नाही. बॅटरी बसेल मधेच. पेट्रोलचीच घ्या, चार घोड्यांच्या ताकदीची. आवाज करते, पण घरी आणते."

"बरं. मग ही स्वस्तातली?"

"तिचा दांडा आखूड आहे." मी कॅटलॉगचं पान उलटलं. "पंधरा इंच. आपल्याला वीस लागेल."

"मागची पंधराचीच होती ना?"

"चला, आधी होडीवर मापं घेऊ," असं म्हणून मी टेप उचलली.

मागच्या मोटारीची मापं मी कशी घेतली होती ते सांगतो. होडीच्या मागच्या फळीवर मोटार टांगतात. तिचा पंखा पाण्यात नीट बुडायला हवा, म्हणून फळीच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून दांड्याची लांबी ठरवतात. त्या दिवशी आम्ही दोघं चहाचे पेले घेऊन मागेच बसलो होतो. दोघांचं मिळून दीडशे किलो वजन. होडी मागून पाण्यात दबलेली. मी बसल्या जागेवरून हात खाली सोडला, टेप लावली, पंधरा इंच पुरे म्हणालो आणि भावोजींच्या कुठल्याशा विनोदावर हसलो. पण भावोजी मासेमारीला एकटे जातात. एकटा माणूस नांगर टाकायला होडीच्या पुढच्या टोकाला गेला की मागची बाजू उचलली जाते, हे शिकाऊ पोराला कळतं. वीस वर्षं हे काम करणाऱ्या मला त्या दिवशी कळलं नाही.

मग एक दिवस मोठं इंजिन खडकांजवळ बंद पडलं. भावोजींनी लहान मोटार चालू केली, ती चालली. मग खबरदारी म्हणून नांगर टाकायला ते पुढे गेले. पंखा पाण्याबाहेर आला आणि हवेतच किंचाळत फिरत राहिला. होडी लाटांबरोबर खडकावर गेली.

तिचे तुकडे ओढून आणले तेव्हा मागच्या फळीपाशी सर्वांत आधी मी पोचलो. मोटार फळीला आवळून धरणारा एक क्लॅम्प सैल झाला होता. खडकावरच्या मारानेच झाला होता, दात एका बाजूला वाकलेले मला स्पष्ट दिसत होते. भोवती पंधरावीस माणसं उभी होती. कोणीतरी विचारलं, "काय झालं, मिस्त्री?" आणि मी म्हणालो, "क्लॅम्प ढिला राहिला बहुतेक."

एवढंच. तीन शब्द आणि वर एक बहुतेक. संध्याकाळपर्यंत भावोजींचं ढिलेभाऊ झालं होतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ते माझाच हात धरून म्हणाले, "माझीच चूक रे. सकाळी आवळायचं राहिलं असणार." मी त्यांचा हात थोपटला. सांगेन, पाय बरा झाला की सांगेन, असं मनाशी म्हटलं. पाय बरा झाला नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं.

आता नव्या होडीत मी भावोजींना आधी मागे बसवून माप घेतलं, मग पुढे जायला लावलं. ते काठांना धरत, पाय ओढत पुढे गेले. मागची बाजू उचलली गेली. मी पुन्हा मोजलं. मग मोटारीत भरायच्या तेलाच्या वजनाचा डबा ठेवून पुन्हा एकदा.

"अरे, लंगड्या माणसाला किती येरझारा घालायला लावशील?" ते पुढून ओरडले. "नवरीची उंची तरी एवढ्यांदा मोजत नाहीत!"

मी हसलो. बोलायची वेळ हीच होती, पण मी हसलो आणि कागदावर वीस लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मोटार आली. मी फळीच्या आतून लाकडाचा जाड तुकडा जोडला, बाहेरून ब्रॅकेट बसवलं, बोल्टांच्या भोकांत पाणी शिरू नये म्हणून पुट्टी भरली. दोघांनी मिळून मोटार उचलून टांगली. क्लॅम्प मी आवळले. भावोजींनी माझ्या मागून आवळले. मग ते पुढे गेले, परत आले, पुन्हा आवळले.

घरीही त्यांचं असंच चालतं. बरण्यांची झाकणं इतकी घट्ट लावतात की ताईला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. ती चिडून म्हणते, "जिथे आवळायचं तिथे आवळलं नाही, आता काय उपयोग?" मी तिथे जेवत असतो तेव्हाही म्हणते. मी मूग गिळून जेवतो.

भावोजी चौथ्यांदा क्लॅम्पला हात घालत होते. दोन्ही हातांनी, ओठ दाबून. फळी करकरली.

"पुरे, भावोजी. लाकूड फुटेल."

"असू दे. एकदा शेवटचं."

"तुम्ही तेव्हाही आवळला होतात."

त्यांनी वर पाहिलं.

"तेव्हाही घट्टच होता," मी म्हणालो. "खडकाने सैल केला. मला तिथेच दिसलं होतं. दांडा आखूड होता. मी चुकीचं माप घेतलं होतं, आपण दोघं मागे बसलो असताना. पाच इंच कमी. तुम्ही पुढे गेलात आणि पंखा वर आला. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

त्यांनी क्लॅम्पवरचे हात काढून घेतले आणि मांडीवर ठेवले. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं.

"मी त्या सकाळी आवळत होतो ते मला आठवायचं," ते म्हणाले. "स्वच्छ आठवायचं. पण सगळेच सांगत होते, म्हणून म्हटलं, आपल्यालाच भास होत असेल. तीन वर्षं मला वाटतंय, माझं डोकं ठिकाणावर नाही."

"भावोजी, मी..."

"तू उतर."

मी धक्क्यावर चढलो. त्यांनी दोरी सोडली, मोटार सुरू करायची वादी ओढली. दुसऱ्या झटक्यात ती सुरू झाली.

"घरी मी सांगतो," मी म्हणालो. "मी येतो तुमच्याबरोबर."

"तूच सांगायचं, आणि आत्ता. मी सांगितलं तर ती म्हणेल, आपलं खापर माझ्या भावावर फोडताहेत." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग होडी वळवून ते निघाले.

ताईच्या घरी मी पोचलो तेव्हा ती लाँड्रीतून नुकतीच आली होती आणि चहाचं आधण ठेवत होती. मला एकट्याला बघून तिचा चेहरा उतरला. "भावोजी ठीक आहेत," मी घाईने म्हणालो. "मोटार बसली. एक फेरी मारायला गेलेत."

"हुश्श. जीव भांड्यात पडला. बस, चहा घे."

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, चहाच्या पेल्यांपासून त्या चार शब्दांपर्यंत. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. साखरेचा चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

मी बोलायचा थांबलो. ती मला शिवी देईल, रडेल, निदान का रे असं तरी विचारेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो.

"काल रात्रीसुद्धा बोलले मी त्यांना," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "उद्याची मोटार तरी नीट आवळा, असं मी म्हणाले."

तिने गॅस बंद केला, इस्त्रीने चटके बसलेले हात पदराला पुसले आणि माझ्या बाजूने, मला धक्का न लावता, दाराबाहेर पडली. खिडकीतून मला धक्क्याचं टोक दिसत होतं. थोड्या वेळाने ती तिथे जाऊन उभी राहिली. होडी अजून बरीच लांब होती. ती येईपर्यंत ताई उभीच होती.