दोन भाल्यांचा स्वार

दादाने डोळ्यांना लेझर करून घेतले, आणि त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक चष्म्याकडे तो कीव आल्यासारखा पाहू लागला. सिगारेट सोडणारा माणूस पुढे वर्षभर शेजाऱ्यांच्या सिगारेटी सोडवत हिंडतो. हा उत्साह त्याच जातीचा होता. जेवायला बसले की दादा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली, छापखान्याच्या पत्त्याची बारीक ओळ मोठ्याने वाचून दाखवी. वहिनींना तो पत्ता आता पाठ झाला होता.

“ए ढापणे,” एका रविवारी तो जेवायला आलेल्या बहिणीला म्हणाला, “पंचेचाळिशी आली. आणखी किती दिवस ही सोडावॉटरच्या बाटल्यांची बुडं नाकावर मिरवणार आहेस?”

ढापणी हे तिचे नाव शाळेत पडले आणि घरात टिकले. बाहेर तिला असे कोणी म्हणत नसे. संग्रहालयाच्या नाणेविभागाची ती प्रमुख होती. एखादे नाणे खरे की बनावट, कोणत्या राजाचे, कोणत्या टाकसाळीचे, यावर तिचा शब्द शेवटचा मानला जाई, आणि न्यायालयेही तो मानत. परंतु विद्वत्ता उंबऱ्याबाहेर चपलांपाशी काढून ठेवायची असते, हा घरोघरचा नियम तिला ठाऊक होता. ती एवढेच म्हणाली, की दादाने आधी मोबाइल हातभर लांब धरून वाचणे थांबवावे. वहिनींना हसू आवरेना, कारण लेझर झाल्यापासून त्यांचा वाचायचा चष्मा सारखा नाहीसा होई आणि नवऱ्याच्या खिशात सापडे.

“ते वयाचं आहे,” दादा म्हणाला. “लेझरचा आणि त्याचा काही संबंध नाही.”

हे वाक्य अक्षरशः खरे होते. फसवायला अशीच वाक्ये उत्तम.

आता खरे सांगायचे तर तिलाही लेझर हवे होते. भावाच्या डिवचण्याने नव्हे. कारण त्याहून साधे होते आणि ते कोणाला सांगण्याजोगे नव्हते. तिने आपला चष्म्याविना चेहरा कधी पाहिलाच नव्हता. नंबर उणे आठ. चष्मा काढला की आरशातली बाई धुक्यात विरून जाई, आणि आरशाला नाक टेकवले तर एक डोळा, एक गाल, नाकाची एक बाजू, असे सुटे भाग दिसत. चष्मा घातला की जाड भिंगांमागे वाटाण्याएवढे डोळे. लग्नाच्या फोटोतही तेच वाटाणे, आणि चष्मा काढून घेतलेल्या फोटोत नुसते मिचमिचे डोळे. लोक म्हणत, तुमचे डोळे आईवर गेले आहेत. ते खरे की खोटे, हे जिने हजारो राजांची तोंडे निरखली तिला स्वतःच्या तोंडाबाबत सांगता येत नव्हते.

म्हणून ती दवाखान्यात गेली. दाराच्या काचेवर ‘चष्म्यापासून मुक्ती’ अशी अक्षरे होती. ज्या शब्दासाठी माणसांनी घरेदारे सोडली, हाडांची काडे केली, आणि तो मिळाला की नाही हे सांगायला परत आली नाहीत, तो शब्द इथे वातानुकूलित खोलीत, एका दिवसात, भूल न देता मिळत होता. आत हसतमुख समुपदेशक मुलीने यंत्रांवर तिचे डोळे मोजवले आणि विचारले, चष्मा काढल्यावर फारच त्रास होत असेल ना? ती म्हणाली, रस्त्यावर होतो, हो. मुलीने मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. या ‘रस्त्यावर’ शब्दापाशी थोडे थांबावे असे दोघींनाही वाटले नाही. मुलीचे ठीक आहे, तिला दिवसाकाठी वीस डोळे पार पाडायचे होते. बाईंचे मात्र नवल.

कारण संग्रहालयातला शिपाईसुद्धा जाणून होता, की बाई नाणे कसे पाहतात. त्या चष्मा कपाळावर सरकवत, नाणे खिडकीच्या उजेडात नाकाजवळ धरत आणि सावकाश कलते करत. ‘बाई नाण्याचा वास घेताहेत,’ असे कार्यालयात म्हणत. चष्म्याशिवाय तिचे जग अर्ध्या वितीवर संपे, हे खरे. पण त्या अर्ध्या वितीच्या आत ते इतके मोठे आणि लख्ख होते, की चांगल्या डोळ्यांच्या माणसाला ते भिंग घेऊनही मिळू नये. भिंगात एका वेळी एक तुकडा दिसतो. तिला अख्खे नाणे, दोन्ही डोळ्यांनी, एकदम दिसे. हे तिने कधी कोणाला सांगितले नव्हते, कारण यात सांगण्यासारखे काही आहे असे तिलाच वाटले नव्हते. ती त्याला सवय समजत आली होती. कोणी पाय हलवते, कोणी पेन चावते, तशी.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर घाईचे होते, पण खोटे नव्हते. बुबुळाचा पडदा पुरेसा जाड आहे, डोळा योग्य आहे, असे त्यांनी सांगितले. लांबचे स्वच्छ दिसेल. जवळचे वाचायला चष्मा लागेल, तो या वयात सगळ्यांनाच लागतो. शंका असेल तर आठवडाभर तात्पुरत्या लेन्स लावून पाहा. शस्त्रक्रियेनंतर दिसेल ते साधारण असेच असेल. लेन्स तिने कधी वापरल्या नव्हत्या. नाणी स्वच्छ करायच्या खोलीत रसायनांच्या वाफा असत आणि तिथे लेन्सना मनाई होती. त्या आठवड्यात तिने सफाईचे काम सहायकांकडे दिले. शस्त्रक्रियेची तारीखही घेऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लेन्स लावल्या आणि न्हाणीघरातल्या आरशात पाहिले. एक अनोळखी, थोडी दमलेली, मोठ्या डोळ्यांची बाई तिच्याकडे पाहत होती. डोळे आईचे नव्हते. ते बापाचे होते, जरा खाली ओघळलेले, समोरच्याचे बोलणे संपायची वाट पाहणारे. ती तिथे इतका वेळ उभी राहिली की नवऱ्याने दार वाजवून बरी आहेस ना, असे विचारले. ती बाहेर आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिले, आणि कप भरून बशीत सांडेपर्यंत तो चहा ओतत राहिला. त्याच्यासारख्या व्यवहारी माणसाकडून ही मोठीच दाद होती.

संग्रहालयात त्या दिवसांत एक घडा आला होता. रस्त्याच्या खोदकामात सापडलेला, चांदीच्या झिजलेल्या नाण्यांनी भरलेला. एका बाजूला घोडेस्वार, त्याच्या हातात भाला. नाणी नेहमीची, राजाही माहीत असलेला. तिने पहिले नाणे उचलले आणि चष्मा वर सारायला बोट कपाळाकडे नेले. चष्मा नव्हता; बोट नुसतेच भुवईवर आपटले. नाणे नाकाजवळ धरले तर चांदीचा एक पांढुरका डाग. तिने दवाखान्यातून दिलेला वाचायचा चष्मा लावला, मग खणातले भिंग काढले आणि कामाला लागली. सगळे जग भिंगाने नाणी पाहते. सगळे जग काही मूर्ख नाही, असे तिने स्वतःला समजावले, आणि सगळ्या जगाविषयी तिचे हे मत एरवी कधीच नसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंगाखाली एक स्वार आला, ज्याच्या हातात दोन भाले होते.

एक ठळक, दुसरा त्याच्या बाजूला फिकट, पण स्पष्ट. तिने भिंग हलवले, पुन्हा आणले. दोन. या राजाचे असे नाणे कोणी नोंदवलेले नव्हते. दोन भाल्यांचा स्वार म्हणजे कदाचित दुसरी टाकसाळ, कदाचित दुसरा राजा, ज्याचे अस्तित्वच आजवर ठाऊक नव्हते. नाणे घेऊन ती संचालकांकडे गेली. त्यांनीही भिंगातून पाहिले, दोन भाले मोजले आणि ‘अद्वितीय’ हा शब्द उच्चारला. हा शब्द ते एरवी उद्घाटनांसाठी राखून ठेवत. मग त्यांनी विश्वस्तांना फोन लावला. तीही तिथेच उभी राहिली आणि तिने तो लावू दिला. आपल्याला भिंगाने काम करता येते, इतकेच नव्हे तर ते आधीपेक्षा चांगले होते, याचा पुरावा तिला हवा होता, आणि हवा असलेला पुरावा ज्याला मिळतो तो विद्वान तो उलटून पाहत नाही. दुसऱ्यांच्या ग्रंथांवर लिहिताना हे वाक्य तिने किती जणांच्या उरात खुपसले होते.

चौथ्या दिवशी डोळे लाल झाले, म्हणून तिने लेन्स घरीच ठेवल्या आणि जुना चष्मा लावून गेली. ते नाणे टिपण लिहिण्यासाठी पुन्हा बाहेर काढले. हात आपोआप वर गेला, चष्मा कपाळावर, नाणे नाकाशी. खिडकीतला उजेड तिरपा पडला.

घोड्याला दोन नाके होती.

दोन नाके, दोन शेपट्या, स्वाराच्या टोपीला दोन कडा आणि भोवतीच्या ठिपक्यांचीही जोडी. प्रत्येक रेषेच्या एकाच बाजूला, एकाच अंतरावर, तिची फिकट सावली. नाण्यावर हातोड्याचा पहिला घाव पडला, नाणे जागचे जरासे हलले, आणि कारागिराने दुसरा घाव घातला. दुहेरी छाप. शिकाऊ माणसाला पहिल्या महिन्यात दाखवतात ती चूक. दुसरा राजा नव्हता, दुसरी टाकसाळ नव्हती. एका माणसाचा हात घसरला होता. भिंगाने तिला भाला दाखवला तो बरोबर दाखवला होता. बाकीचे नाणे त्याने दाखवले नाही, कारण तिने मागितले नाही.

ती संचालकांसमोर उभी राहून सरळ म्हणाली, की कालचा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो तिचा आहे. संचालकांनी पेन खाली ठेवले.

“बाई, तुम्ही माझ्यासमोर पाहिलंत. भिंगातून.”

“भिंगातून भाला पाहिला, साहेब. नाणं पाहिलं नाही.”

संचालकांनी विश्वस्तांना परत फोन करण्यापूर्वी तिला ऐकवायचे ते ऐकवले. ते सगळे चूक नव्हते. छायाचित्रे घेणारे यंत्र आता येणार आहे, ते अख्खे नाणे पडद्यावर भिंतीएवढे दाखवील, आणि एका माणसाच्या डोळ्यांवर खाते चालवण्याचा काळ संपला आहे, असे ते म्हणाले. तिने मान्य केले. ते यंत्र गेली अनेक वर्षे येणार होते, हे तिने बोलून दाखवले नाही. ते आल्यावर नाणे कोणत्या बाजूला कलते करायचे हे त्याला कोणी सांगायचे, हेही नाही. त्या क्षणी ती बोलायला पात्र नव्हती, आणि एवढा न्याय तिला कळत होता.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, मग रविवारी लेन्स लावत जा की, काम नसताना. सूचना अगदी व्यवहारी होती. डोळे बरे झाल्यावर तिने एकदा त्या लावल्या, आरशासमोर उभी राहिली आणि त्या बाईला नीट पाहून घेतले, ओघळलेल्या पापण्या, नाकावर चाळीस वर्षांच्या चष्म्याने पाडलेले दोन खड्डे. मग लेन्स काढून टाकल्या. चेहरा हा काही आठवड्याला येऊन जाणारा पाहुणा नव्हे. नुसते रविवारचे भेटणे तिला झेपणार नव्हते. नाणी पाहणारा डोळा या वयात गमवावा आणि एक चेहरा मिळवावा, असा सौदा होता. चेहरा सुंदर निघाला हे त्यात फार गैरसोयीचे होते.

दादाने कळल्यावर तिला भित्री म्हटले. वहिनी म्हणाल्या, राहू द्या हो, एका घरात एकच द्रष्टा पुरे.

राहिला दवाखाना. तारीख रद्द करायला तिने फोन केला, तेव्हा तीच समुपदेशक मुलगी बोलत होती. मुलीने कारण विचारले; भीती वाटते असे सांगून मोकळे होता आले असते. पण आयुष्यात एकदा तरी हे कोणाला तरी धडपणे सांगावे, असे तिला वाटले.

“मला चष्म्याशिवाय चांगलं दिसतं,” ती म्हणाली.

 पलीकडून मुलीने, आवाजातला दुखावा व्यावसायिक शिस्तीने लपवत विचारले, “म्हणजे मॅडम, दुसरीकडे करून घेतलंत का?”