रुग्ण क्रमांक सतराची टाच

“बसा पाहू उकिडवे,” डॉक्टर म्हणाले आणि स्वतः माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. हातात कोन मोजायची पट्टी, शेजारी एक जुनी वही.

हाडांचा एवढा मोठा सर्जन न कळवता घरी आला, तर कोणीही चरकेल. मी साधा रंगारी. एकोणीस वर्षांपूर्वी पाचव्या मजल्यावरून पडलो, वाटेत दोन कबुतरांची विचारपूस केली आणि थेट टाचेवर उतरलो. टाचेचा भुगा झाला. तो यांनी जोडला.

“वहीत चार फूट लिहिलंय,” डॉक्टर म्हणाले. “स्टुलावरून.”

“गेल्या वर्षी तिसरा मजला होता,” आतून बायको म्हणाली. “इमारत वाढतेय.”

डॉक्टर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्या लेकीने संगणकावर हिशेब लावून दिला होता. चाळीस वर्षांत एकतीस शोधलेख लिहिले, पैकी तिसांना कुत्रंही विचारत नव्हतं. एका लेखाचा मात्र चारशे बारा जणांनी आपापल्या लेखांत दाखला दिला होता. तो लेख आमचा, तेवीस मोडक्या टाचांचा.

दुसरा कोणी असता तर फुगून बसला असता. यांच्या डोक्यात किडा वळवळला, की एवढं काय आवडलं लोकांना? चारशे बाराच्या चारशे बारा लेख वाचून काढले. कळलं ते असं, की शस्त्रक्रिया कशी केली हे कोणी पाहिलंच नव्हतं. जो तो एकच वाक्य उचलत होता: ‘वर्षभरात सर्व रुग्ण उकिडवे बसू लागले.’ त्याच्या भरवशावर कुठकुठले डॉक्टर रुग्णांना सांगत होते, काळजी नको, बसाल.

म्हणून ते घरोघर जाऊन त्या ‘सर्व’ची खात्री करत होते. काही जण वारले होते, काहींचा पत्ता लागला नव्हता. सापडलेले अकरा झकास बसले. मी बारावा.

“मी तर बसलो होतो की तुमच्यासमोर,” मी म्हटलं.

“बसला होतात. म्हणूनच आलोय.”

मग मी सुरुवात केली. आज गुडघा धरलाय, काल जेवण जास्त झालं, ही पॅंट घट्ट आहे. डॉक्टर पट्टी उघडून वाट पाहत राहिले. बायको हात पुसत दारात आली. शेवटी खुर्ची धरून मी अर्धा खाली गेलो आणि टाच जमिनीवरून उचलली गेली. एकोणीस वर्षं रोज उचलली जायची तशीच.

तेव्हा सांगून टाकलं. वर्षाच्या तपासणीला मी सगळ्यांच्या मागून गेलो, तर डॉक्टर म्हणाले होते, बावीस जण बसले, तुम्ही शेवटचे. चेहरा असा फुललेला, की नाही म्हणायला जीभ रेटेना. ते लिहायला वळले तेवढ्यात मी मागून टेबलाचा पाय घट्ट धरला आणि बसलो. आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, पण चारशे बारा शहाण्यांनी छापलेली ही एकच.

डॉक्टरांनी वहीत माझं, सतरा नंबराचं पान काढलं.

“टेबलावरची कपबशी वाजली होती, पेंटर,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मी ऐकलं होतं. मागे वळून पाहिलं नाही.”

बायकोने मला खुर्चीवर बसवलं. डॉक्टरांनी माझी टाच मांडीवर घेतली, घोटा वाकवला, पट्टी लावली. जेमतेम पाच अंश वाकला; उकिडवं बसायला एवढं पुरत नाही. वहीत सतरा नंबरापुढे एक घर कोरं होतं. तिथे त्यांनी पाच लिहिलं आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली.

पुढे तो लेख छापलेल्या मासिकात दोन ओळींची दुरुस्ती आली: ‘सर्व’ऐवजी ‘तेवीसपैकी बावीस’ वाचावे.

दोन वर्षांनी डॉक्टर पुन्हा जिना चढून आले आणि माझ्या स्टुलावर टेकले. जुन्या लेखाचे दाखले पाचशेवर गेले होते. लोक अजून ‘सर्व’च लिहीत होते. आणि दुरुस्तीचे? मी विचारलं.

“एक.”

खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. कुठल्याशा दूरच्या डॉक्टरने लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेआधी मी प्रत्येकाला सांगतो, तेविसातला एक बसू शकत नाही. डॉक्टरांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. मी ती दोनदा वाचली.

“पाचवा मजला ना?” कागदाची घडी घालत त्यांनी विचारलं.

“चार फूट,” मी म्हटलं. “तुम्ही बसलाय, त्याच स्टुलावरून.”