पाठकोरी पत्रं

"तुमच्या पणजोबांना बायकोशी धड वागता आलं नाही," असं मी मिस टॅलबॉटना त्यांच्याच घरात, त्यांचाच चहा पीत सांगितलं, ते साल १९५७. बाई रागावल्या नाहीत. "ते चित्रकार होते, मिसेस चिटणीस," एवढंच म्हणाल्या. जसं काही चित्रकार म्हटलं की सगळं माफ!

माझे यजमान विद्याधर विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांना दोन वर्षांच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं आणि मी इकडे कानडी मुलखात, जयनगरच्या नव्या घरात एकटी उरले. घर खायला उठायचं. लग्नाआधी कोल्हापुरात टायपिंग शिकले होते, म्हणून पेपरातली जाहिरात बघून कँटोन्मेंटात मिस टॅलबॉटकडे जाऊ लागले. बाई सत्तरीच्या, बिनलग्नाच्या. त्यांचे पणजोबा दीडशे वर्षांपूर्वी चित्रं काढायला म्हैसूरच्या मुलखात आले होते. त्यांचे सगळे कागद बाईंनी पेटीत जपले होते. ते टाइप करून लंडनच्या एका संग्रहालयाला द्यायचे होते.

तिथे ते फौजेबरोबर राहायचे आणि छावणीत कागदाची टंचाई असायची. म्हणून हा गृहस्थ बायकोकडून आलेल्या पाठकोऱ्या पत्रांच्या मागच्या बाजूवर चित्रं काढायचा. तळी, बैल, हमाल, सावनदुर्गाचा डोंगर.

"चित्राखालच्या ओळी तेवढ्या टाइप करा," बाई म्हणाल्या. "मागचं सोडा. ती नुसती घरची पत्रं आहेत."

मी सोडते कसली! एकूण एक वाचली. एलिझा तिचं नाव. धाकटीला दात आले, छप्पर गळतंय, तुमच्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही. आणि दर पत्राच्या शेवटी, माझं आधीचं पत्र पोचलं का? त्यातल्याच एकाच्या पाठीवर त्यानं सावनदुर्ग काढला होता. सुरेख काढला होता, नाही कशाला म्हणू? पण कागद पातळ, त्यामुळे डोंगरावरच्या आभाळात तिची अक्षरं उलटी उमटलेली. पोचलं होतं गं बाई तुझं पत्र, त्यानं तुला कळवलं नाही इतकंच. मला रडू आलं. तिच्यासाठीच आलं असं नाही.

आमच्या विद्याधरपंतांची निळी पत्रं यायची. आधी भरभरून, मग हवा, यंत्रं आणि उकडलेले बटाटे. लग्नानंतर आम्ही सासरी राहिलो, तिथे चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. पत्रातच मी पहिल्यांदा त्यांच्याशी मोकळी झाले. तोंडानं कधी बोलले नसते ते सगळं लिहिलं. त्यांची आठवण कशी येते, कुठे येते, तेसुद्धा. मग एकदा विचारलं, माझी पत्रं जपून ठेवता ना हो? उत्तरात धुकं फार पडलं होतं. पुन्हा विचारलं, तर त्यांच्या साहेबाला बढती मिळाली होती.

त्यानंतर कितीतरी दिवस पोस्टमन सायकलवरूनच ओरडायचा, "इल्ला अम्मा, नाळे!" त्याचा उद्या कधी उजाडणार ते त्यालाच ठाऊक.

शेजारच्या तानूबाई निपाणीकडच्या. त्या म्हणायच्या, "एवढं काय मनाला लावून घेतीस गं? पुरुष माणसाला लिवायचा स्वल्प कंटाळाच असतोय. येत्यात की परत!"

ते परत यायला हवेच होते. पण मी जे लिहिलं होतं ते कुणाच्या तरी उशाशी असावं, हेही मला हवं होतं.

त्या आठवड्यात मी एलिझाची सगळी पत्रं टाइप केली आणि गठ्ठ्यात घातली.

"हे मी सांगितलं नव्हतं," मिस टॅलबॉट म्हणाल्या.

"नव्हतं सांगितलं. पण पणजी तुमचीच ना?"

त्या कागद घेऊन खिडकीपाशी गेल्या. चहा गार झाला तरी वाचत होत्या. परत आल्या तेव्हा नाक लाल झालं होतं. "राहू द्या," म्हणाल्या. "दोन्ही बाजू राहू द्या."

पुढच्या वर्षी विद्याधर आले. अंगानं भरले होते, हसणं तेच. ट्रंकेतून कोट निघाला, विजेची इस्त्री निघाली, माझ्यासाठी लोकरीचं कार्डिगन निघालं, अगदी मापाचं. मी मात्र तळापर्यंत हात घालून चाचपत होते.

"काय शोधतेस?"

"माझी पत्रं."

ते हसले. प्रेमानंच हसले. "अगं वेडे, सामानाचं वजन किती झालं होतं! निघताना घातली शेगडीत. आणि आता मी स्वतःच आलोय की. पत्रं कशाला हवीत?"

ज्याच्यासाठी झुरले तो माणूस समोर उभा होता. मी "खरंच की" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. स्वयंपाकघरात मला एलिझाचा असा हेवा वाटला की विचारू नका. तिच्या पत्रामागे निदान डोंगर तरी होता.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते कारखान्यात गेले. संध्याकाळी येणार होते, जेवणार होते, दूधवाल्याबद्दल आणि घरभाड्याबद्दल माझ्याशी बोलणार होते. मी दार लोटलं, कागद घेतला आणि त्यांना पत्र लिहायला बसले. भडाभडा लिहिलं. पाकिटात घालून चिकटवलं. पत्ता कुठला घालावा, ते मात्र कळेना.