पुढचं दार

निरांजनाच्या शेजारी ती लाकडी पट्टी होती – करंगळीहून बारीक, रंधा मारलेली, एका कडेला निळा शिक्का – आणि तिच्यावर हळदीचा डाग पडला होता. आपणच ठेवली असणार, काल बैठकीहून आल्यावर, पिशवी रिकामी करताना... पण देवापुढं का ठेवली, ते चतुराबाईंना आठवेना. त्यांनी ती पदराला पुसली आणि तशीच मुठीत धरून, रांगोळीचा डबा घेऊन त्या पुढच्या दाराशी आल्या.

उंबरठा सागवानी. गंगापूरकडचं जुनं घर उतरवलं तेव्हाचा. बेगमपुऱ्यातल्या या घराला बाकी सगळं नवं घेतलं, एवढंच जुनं. लेक गोदा तेव्हा चालत होती. चालत कसली, याच्यावरून उड्या मारायची, आणि "पाय लावू नये गं, लक्ष्मी असती तिथं" म्हटलं की आणखी उंच उडी मारायची. मग तो ताप आला, मणक्यात उतरला, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून चतुराबाई ओठातल्या ओठात बोलल्या – ही जिती घरी येऊ दे, रोज उंबरठा पुजीन, जीव आहे तोवर खाडा पडू देणार नाही. पोर आली. पाय तेवढे आले नाहीत. पण आपण पाय मागितलेच नव्हते... मागायला हवे होते का? हा विचार रांगोळीच्या पहिल्या रेघेला रोज येतो आणि दुसऱ्या रेघेपर्यंत निघून जातो. एवढ्या वर्षांत त्यालाही वळण पडलंय.

आज तो गेला नाही. डाव्या मुठीत पट्टी टोचत होती.

काल विश्रामगृहाच्या हॉलमध्ये दिल्लीच्या खात्यातली एक बाई आली होती. साऱ्या देशाला लागू होतील अशी मानकं करायचीत, म्हणाली, रस्ते, बसगाड्या, कचेऱ्या, घरं, जिथं तिथं अपंग माणसाला आपल्या आपण जाता यावं अशी. आत्ता नुसता आराखडा आहे, आधी काय हाती घ्यायचं ते तुम्हीच सांगा. आणि मग तिनं या पट्ट्या वाटल्या होत्या. दारात चढ असलाच तर तो या पट्टीच्या जाडीएवढाच असावा, याहून जास्त नाही, असा आमचा विचार आहे. लोक पट्ट्या हातात फिरवत हसत होते. सिल्लोडहून आलेला एक जण म्हणाला, "बाई, आमच्या गावात एवढा तर चिखलच असतो." ती बाईही हसली. मग एकेकाला विचारत आली – तुमच्या घरात आधी काय बदलायला हवं? गोदापाशी थांबली. गोदानं पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आमच्या घरी काही अडचण नाही."

ते ऐकून चतुराबाईंना बरं वाटलं होतं. अगदी भरून आलं होतं. आणि नंतर रिक्षात गोदानं ती पट्टी त्यांच्या पिशवीत टाकली होती...

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून पट्टी उंबरठ्याला लावली. पट्टी खाली कुठंतरी राहिली. सागवान वर उरलं, पुष्कळ उरलं. त्यांनी झटकन हात मागं घेतला, जसं काही देवाचंच माप काढलं.

"काय मोजायलीस?" आतून त्यांचे यजमान पुंजाराम म्हणाले. एसटीतून निवृत्त झालेले. पेपर वाचता वाचता सगळं दिसतं त्यांना.

"काही नाही हो. ते दिल्लीचं कधी व्हायचं म्हणते मी?"

"आत्ता आराखडा, मग मसुदा, मग हरकती. तवर आपण वर जातो की. तिथं पायऱ्या असत्यात का ते बघून कळवू त्यांना."

"सकाळच्या पारी काही बोलता तुम्ही." पण त्यांना हसू आलं. रांगोळी पुरी झाली. गोपद्मं, मध्ये कमळ. गल्लीतल्या बायका म्हणतात, चतुराबाईंच्या दारातली रांगोळी दिवेलागणीपर्यंत जशीच्या तशी असते, एक कण हलत नाही. ते ऐकताना त्या खाली बघतात. पण ऐकावंसं वाटतं.

"आई, निघते गं," गोदाचा आवाज मागच्या दाराकडून आला. बँकेची वेळ. खुर्चीची चाकं फरशीवरून गेली, आवाज लांब गेला. मागून जाते ती, मागच्या घरातल्या मुख्तारची रिक्षा तिकडंच लागते म्हणून. त्याच्या बायकोशी, रईसाशी, तिचं गूळपीठ आहे म्हणून... असं कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. चतुराबाईंनीच ते स्वतःशी केव्हातरी ठरवून टाकलं होतं.

दुपारी रईसाचा वाडगा परत द्यायला त्या मागच्या दारानं उतरल्या. उतरताना पाय थबकला. पायरी नव्हतीच. सिमेंटचा उतार होता, गुळगुळीत झालेला, कडेला चाकांच्या काळ्या रेघा. तो होता, रोज होता. मुख्तारनं रात्री आपली दुचाकी इथल्या ओट्यावर चढवायला केला असेल, असंच त्यांनी धरलं होतं.

"हे कधी केलं गं मुख्तारनं?"

"अय्यो चाची, तुमाला मालूम नै? कित्ते साल हो गए. गोदा के वास्ते ना." रईसानं वाडगा घेतला. "मी बोलले तिला, अगं पुढून रस्ता चांगलाय, इधर नाली, कीचड. तर हसती. बोलती, पुढचं दार देवाचं, मागचं माझं."

"असं म्हणाली?"

"मजाक में, चाची. तुमची रांगोळी बिघडती ना चाकाखाली... बैठो ना, चाय ठेवते."

"नको गं. आज उपास आहे," चतुराबाई म्हणाल्या. उपासाला चहा चालतो, हे रईसालाही ठाऊक होतं.

घरात येऊन त्या पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या. कमळ जसंच्या तसं. गोपद्मं, एकही न विस्कटलेलं. गायीची पावलं आत येताना काढतात, लक्ष्मी यावी म्हणून... आणि इतकी वर्षं इथून कोण आलं? आपण पाय उचलून गेलो, हे उचलून गेले, पाहुणे उचलून गेले. एक कण हलला नाही. आणि ते कौतुक ऐकताना आपण खाली बघत होतो.

काढून टाकावा. सुताराला उद्या बोलवावं, एका दिवसाचं काम. पण हा विचार पुरा होतो न होतो तोच त्या व्हरांड्यातलं बोलणं आठवलं – शब्द दिलाय मी. तिच्या जिवावर दिलाय. उंबरठाच नसला तर रोज पुजायचं काय? आणि खाडा पडला तर ज्याच्यापाशी बोललो तो काय मागेल... देव असा असतो का? कीर्तनात, पुराणात ऐकलेला देव असा नव्हता. पण त्या रात्री व्हरांड्यात ज्याच्याशी आपण बोललो, तो कसा होता ते कुठं पाहिलं होतं आपण? तो दिसला नव्हता. दिसली होती ती गोदा, दाराआड, पांढरी पडलेली. खरं तर बोललो ते तिच्याचकडं बघत.

दिवेलागणीला त्यांनी निरांजन लावलं. रोजच्यासारखं उंबरठ्याशी न्यायला उचललं. हात आडवा धरला, वारा होता, मकबऱ्याकडून या वेळी येतोच. गल्लीत गोदाच्या चाकांचा आवाज आला. जिथं वाट फुटते, पुढच्या दाराला एक, मागच्याला एक, तिथं तो थांबला. रोज थांबत असेल का असा? इतक्या वर्षांत कधी कान देऊन ऐकलाच नव्हता.

चतुराबाई घराच्या मध्यावर उभ्या होत्या. ज्योत बोटांशी हलत होती. समोर एक दार, पाठीशी एक. दिवा दाखवताना तोंड कुणीकडं करायचं, हे आजवर त्यांना कधी विचारावंच लागलं नव्हतं...