तिसऱ्या गाडीचे क्यूब

काँक्रीटचे क्यूब फोडण्यात मावशींची एकवीस वर्षं गेली होती. शहरात कुठेही स्लॅब टाकला, की त्याच काँक्रीटचे ठोकळे साच्यात भरून लॅबमध्ये येत, अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत पडून राहत, आणि मग मावशी एकेक ठोकळा उचलून दाबयंत्रात ठेवत. यंत्र दाबत जाई, ठोकळा आधी कुरकुरे, मग फटकन फुटे. फुटतानाचा आकडा वहीत उतरे. स्लॅबखालचे टेकू काढायचे की ठेवायचे, हे त्या आकड्यावर ठरे. लॅबमध्ये त्यांना सगळे मावशीच म्हणत. साहेबसुद्धा, जे त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे होते.

मावशींची लेक इंजिनिअर. घरात तिला मनी म्हणत आणि साइटवर मॅडम. शहर चहूबाजूंनी सुजल्यासारखं वाढत होतं, आणि बस डेपोच्या मागे पाच इमारतींची एक वसाहत उभी राहत होती. तिचं डिझाइन मनीचं. भिंती जाड, खिडक्यांवर रुंद छज्जे, एका अंगाने आलेला वारा दुसऱ्या अंगाने बाहेर पडेल अशा खोल्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काँक्रीट. सिमेंट भाजायला भट्ट्या पेटतात, त्यांचा धूर सगळ्यांच्या छातीत जातो, म्हणून तिने निम्मं सिमेंट काढून त्याजागी पोलादाच्या कारखान्यात उरणारा स्लॅग दळून घातला होता.

"मॅडम, सिमेंटमध्ये आम्ही काही मिसळलं की ती भेसळ, तुम्ही मिसळलं की ते पर्यावरण!" असं ठेकेदार चारचौघांत म्हणायचा. मनी हसून सोडून द्यायची. पण या काँक्रीटची एक खोड होती. ते सावकाश घट्ट होई. एरवी चौदा दिवसांत निघणारे टेकू इथे अठ्ठावीस दिवस ठेवायचे, आणि क्यूबचा आकडा आल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही, असं तिने लिहून दिलं होतं. ठेकेदार त्या टेकूंच्या जंगलाकडे बघून रोज दात-ओठ खात होता.

त्या दिवशी सकाळी मनीने चहा अर्धाच प्यायला. अकरा वाजता गृहनिर्माण समितीसमोर तिची बैठक होती. उरलेल्या चार इमारतींनाही हेच काँक्रीट वापरायचं की नाही, हे तिथे ठरणार होतं.

"आई, आज आमचे क्यूब फोडणार ना?"

"तुमचे कुठले ते मला कसं कळणार? आमच्याकडे फक्त नंबर असतात," मावशी म्हणाल्या.

हे अर्धंच खरं होतं. ठोकळ्यावर नुसता नंबर असे, पण स्लॅगचं काँक्रीट फुटलं की आतून निळसर-हिरवं दिसतं. शहरात तसं काँक्रीट एकाच ठिकाणी चाललं होतं.

दहा वाजता पहिला ठोकळा फुटला, आणि आतला निळसर रंग बघून मावशींनी ओळखलं, हे मनीचेच. त्या स्लॅबला तीन गाड्या काँक्रीट लागलं होतं, प्रत्येक गाडीचे तीन क्यूब. आकडा पंचवीसच्या वर हवा होता. पहिल्या गाडीचे सत्तावीस, सव्वीस, अठ्ठावीस. दुसरीचेही तसेच. मावशींचा जीव भांड्यात पडला. हात पुसून त्या पाणी पिऊन आल्या आणि त्यांनी तिसऱ्या गाडीचा ठोकळा यंत्रात ठेवला.

तो कुरकुरलाच नाही. चुरमुऱ्याच्या पिशवीसारखा दबला. सोळा.

पुढचा पंधरा. शेवटचा पुन्हा सोळा.

मावशींनी यंत्र तपासलं. यंत्र ठीक होतं. मग त्यांनी फुटलेला तुकडा खिडकीशी नेला. आत टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं होती. एकवीस वर्षांत असे तुकडे त्यांनी कित्येक पाहिले होते. यात कुणीतरी पाणी घातलं होतं.

नियमाप्रमाणे असा आकडा आला की तो आधी साहेबांच्या टेबलावर, आणि तिथून ताबडतोब साइटवर. मावशींनी आधी मनीला फोन केला.

 आकडे ऐकून मनी घाईघाईने म्हणाली, "क्यूबच नीट भरले नसतील. साच्यात नीट ठासले नसतील. स्लॅब चांगला असेल आणि क्यूब वाईट, असं होतं ना?"

"होतं."

"मग आई, एक तास दे मला. फक्त एक तास. आता हे समितीच्या कानावर गेलं तर कुणी माझं ऐकूनसुद्धा घेणार नाही. ठेकेदार तर टपूनच बसलाय. बैठक झाली की मी स्वतः साइटवर जाते, सगळं तपासते. आणि आकडा आल्याशिवाय टेकू निघणारच नाहीत, मी लिहून दिलंय."

मावशींच्या हातात तो तुकडा होता. छिद्रं दिसत होती. तरी त्या म्हणाल्या, "बरं. एक तास."

फोन ठेवला तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मावशींनी वही बंद करून खणात ठेवली. मग उघडून पुन्हा आकडे पाहिले. दुसऱ्या साइटचे क्यूब यंत्राशी आणून ठेवले, पण एकही फोडला नाही. साहेब दारावरून गेले तेव्हा त्यांनी उगाच फडक्याने टेबल पुसायला घेतलं. खाई त्याला खवखवे, असं झालं होतं.

साडेअकराला टायपिस्ट डबा धुवायला आत आली. नळाखाली हात धरत म्हणाली, "मावशी, डेपोमागच्या साइटवाले खूष आहेत हां. कागद कधी मिळेल विचारत होते. मी म्हटलं, मिळेल दुपारपर्यंत."

"कुणाचा फोन होता?"

"मुकादमाचा. मघाशीही आला होता, सव्वादहाच्या सुमाराला. तुम्ही पाणी प्यायला गेला होता, वही उघडी होती, मी सांगून टाकलं की छान आलेत, सव्वीस-सत्तावीस. तेव्हाच टेकू काढायला घेतले म्हणे. आता निम्मे निघालेसुद्धा."

मावशी ताडकन उठल्या. त्यांनी मनीला फोन लावला. बंद. मुकादमाला लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा मनीला. बंद. त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या, वही त्यांच्यासमोर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, तो एक तासही. साहेबांनी आकडे वाचले आणि एवढंच म्हणाले, "गाडी काढायला सांगा. मी इथून फोन लावत राहतो."

लॅबच्या गाडीतून डेपो पंधरा मिनिटांवर होता. त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल होता. मावशी मांडीवर हात घट्ट दाबून बसल्या होत्या. स्लॅबवर आता भिंतींसाठी विटांचे ढीग चढवले असतील. खाली किती माणसं असतील? चार? सहा? 

जिना चढून त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. डोक्यावर तोच स्लॅब होता. जिन्याच्या बाजूचा कोपरा मोकळा झाला होता. काढलेले टेकू जमिनीवर ओळीने निजवले होते, आणि पाच जण पुढच्या ओळीला भिडले होते. मुकादम त्यांना ओळखत होता. लांबूनच हसून म्हणाला, "मावशी, स्वतः कागद घेऊन आलात?"

"कागद राहू दे. आधी माणसं बाहेर काढ."

"का? आकडे तर छान आलेत ना?"

"सहा छान आले. तीन पंधरा-सोळा आलेत. तिसऱ्या गाडीचे."

मुकादमाने पुढे काहीच विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि तो वळून घसा फाटेस्तोवर ओरडला, "सोडा सगळं! हातातलं सोडा, बाहेर व्हा!" त्याने एका शब्दाने का विचारलं नाही, हे मावशींना तिथेच कळलं.

माणसं जिन्यावर येऊन उभी राहिली. वरून बारीक वाळू झरल्यासारखा आवाज आला आणि थांबला. म्हाताऱ्या सुताराने दोन खांबांमध्ये दोरी ताणून धरली. स्लॅबचा पोटाकडचा भाग दोरीच्या खाली दोन बोटं आला होता. 

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. मनी होती. आवाजात आनंद मावत नव्हता. "आई, मंजूर झालं! चारही इमारती! तुझे एवढे फोन कशाला—"

मावशींनी तिला दोन वाक्यांत सांगितलं.  मग जो आवाज आला तो मावशींनी घरात कधी ऐकला नव्हता, सपाट, कोरडा. "फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धर. वर कुणी चढायचं नाही. विटांना हात लावायचा नाही. टेकू परत लावायचे, पण मधून नाही. जिथे अजून टेकू उभे आहेत तिथून एकेक लावत कोपऱ्याकडे जायचं. हाताने फिरवून आवळायचे. हातोडा मारायचा नाही. आवाज आला की लगेच बाहेर. मी निघाले."

पण आत जायचं कुणी? पाची जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पाणी मी घातलं होतं," मुकादम खालमानेने म्हणाला. "मीच जातो."

सुताराने खांद्यावरचा पंचा काढून कठड्यावर टाकला. "एकट्याने टेकू उभा राहत नाही," तो म्हणाला आणि त्याच्या मागोमाग निघाला.

चाळीस मिनिटं लागली. एक जण टेकू धरी, दुसरा आवळी. प्रत्येक टेकूनंतर दोघं थांबून वर बघत. मावशी पायरीवर उभ्या होत्या. कोपऱ्यातला शेवटचा टेकू लागला तेव्हा मनी धापा टाकत जिना चढून वर आली होती. मुकादम बाहेर येऊन मटकन खाली बसला. 

त्याने मग सगळं सांगितलं. तिसरी गाडी रस्त्यात दोन तास अडकली होती. पोचेपर्यंत काँक्रीट घट्ट झालं, नळीतून उतरेना. गाडी परत पाठवली तर ठेकेदार खायला उठेल, म्हणून त्याने पाण्याचा पाइप आत सोडला. "मॅडम दुसऱ्या गाडीनंतर गेल्या होत्या," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, जसं घडलं तसं.

"हो," मनी म्हणाली. "गेले होते. उशीर होत होता."

माणसं जेवायला खाली गेली. मायलेकी पायरीवर राहिल्या. 

"तास मी मागितला," मनी म्हणाली.

"दिला मी," मावशी म्हणाल्या. "हातात तुकडा धरून दिला. पाणी घातलंय हे मला दिसत होतं, मने."

मनीने आईकडे पाहिलं. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. उठली, कपड्यांची धूळ झटकली आणि तशीच समितीच्या कार्यालयात परत गेली. मंजुरीची शाई वाळायच्या आत तिने सगळं सांगितलं: पंधरा-सोळाचा आकडा, मोकळा झालेला कोपरा आणि तो तास. समितीने मंजुरी तिथल्या तिथे थांबवली.

पुढच्या आठवड्यात स्लॅबमधून नळकांड्यांसारखे गोल नमुने कापून तपासले. पहिल्या दोन गाड्यांचं काँक्रीट तिशीच्या घरात निघालं; स्लॅगमध्ये दोष नव्हता. जिन्याकडचा कोपरा मात्र फोडावा लागला. मुकादमाला ठेकेदार काढूनच टाकणार होता. पाइप कुणाच्या धाकाने सोडला हेही लिहून देते, असं मनी म्हणाली, तेव्हा तो गप्प बसला. मनीच्या डोक्यावर तिच्या ऑफिसने एक ज्येष्ठ इंजिनिअर आणून बसवला. दीड महिन्याने समितीने चारऐवजी दोन इमारतींना होकार दिला, अटी घालून: प्रत्येक गाडीपाशी इंजिनिअर उभा हवा, आणि क्यूबचा आकडा फोनवर कुणी कुणाला सांगायचा नाही.

साहेबांनी मावशींना महिनाभर यंत्रावरून काढून साइटवर नमुने भरायला पाठवलं. ते सांगताना ते मावशी न म्हणता "बाई" म्हणाले. ते मावशींना शिक्षेपेक्षा जास्त लागलं.

कोपऱ्याचा स्लॅब पुन्हा टाकायचा होता त्या सकाळी मावशी साचे घेऊन तिथे होत्या. एकच गाडी लागणार होती. ती उशिराच आली. मनीने पत्र्याच्या शंकूत काँक्रीट भरायला लावलं आणि शंकू उचलला. ढीग जराही बसला नाही, जसाच्या तसा उभा राहिला. फार घट्ट झालं होतं.

"थोडंसं पाणी, मॅडम," चालक म्हणाला. "अर्धी बादली. कोण बघतंय?"

मनीने घड्याळ पाहिलं. स्लॅबवर अठरा माणसं फावडी घेऊन तयार होती. ठेकेदार कंबरेवर हात ठेवून बघत होता. तिच्या वर बसवलेले ज्येष्ठ इंजिनिअर फोन उचलत नव्हते. तिने मावशींकडे एकदा पाहिलं, आणि मावशींनी मुद्दाम मान खाली घालून साच्याला तेल लावायला घेतलं.

"परत न्या," मनी म्हणाली.

गाडी वळली. ठेकेदार मोठ्याने बडबडत खाली उतरला. दुसरी गाडी यायला दीड तास लागणार होता, आणि तीही वेळेत येईल याची खात्री नव्हती. माणसं सावली धरून बसली. मनी स्लॅबच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. नखं कुरतडत होती, लहानपणी परीक्षेच्या आधी कुरतडायची तशी.

"मॅडम," मावशींनी हाक मारली, "साचे तयार आहेत."